शातो भाड्यानं घेताय? आधी गरम पाण्याचं विचारा

फ्रान्समधल्या जुन्या शातोची, म्हणजे मळ्यातल्या गढीवजा वाड्याची, जाहिरात उघडली की संध्याकाळच्या उन्हातला बुरूज दिसतो, चार खांबांचा पलंग दिसतो आणि द्राक्षवेलींच्या रांगांना लागून पोहण्याचा तलाव दिसतो. गरम पाण्याच्या टाकीचा फोटो कुणी टाकत नाही. बारा-चौदा जणांचा गोतावळा आठवडाभर तिथे उतरणार असेल, तर मुक्काम सुखाचा होणार की नाही हे बरंचसं त्या टाकीवर ठरतं. बुरूज दुसऱ्या दिवशी सवयीचा होतो. गार पाण्याची आंघोळ सातव्या दिवशीही सवयीची होत नाही.

चालू शेतीच्या मधोमध उभी असलेली, कायद्यानं हात बांधलेली, जुनी दगडी वास्तू असं मनात धरूनच शातो निवडावा. पाणी, वीज, सांडपाणी, ऊन आणि भोवतीच्या मळ्याचं वेळापत्रक या सगळ्याच्या रीती तिथे आधीपासून ठरलेल्या असतात आणि पाहुण्यासाठी त्या बदलत नाहीत.

नैर्ऋत्य फ्रान्समधल्या बोर्दो शहराभोवतीचाच प्रदेश घेऊ. शहराच्या उत्तरेला, जिरोंद खाडी आणि अटलांटिक यांच्यामधल्या मेदोक पट्ट्यात डी-२ रस्त्यावरून जाताना दोन्ही बाजूंना नामांकित शातो लागतात. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी तिसऱ्या नेपोलियनच्या सांगण्यावरून इथल्या लाल वाइनची पाच पायऱ्यांची प्रतवारी झाली, ती आजही जवळपास तशीच आहे. १९७३ मध्ये मूताँ-रोथशिल्ड हा शातो दुसऱ्या पायरीवरून पहिल्या पायरीवर चढला, हाच काय तो ठळक बदल. असल्या घराण्यांना पाहुण्यांच्या भाड्याची फारशी गरज नसते. आधी वेळ घेऊन त्यांचं तळघर पाहावं आणि पुढे निघावं. भाड्यानं मिळणारे शातो जास्त करून दुसरीकडे असतात: गारोन आणि दोर्दोन्य या दोन नद्यांमधल्या आँत्र-द-मेर टापूत, कास्तियाँच्या टेकड्यांवर, खाडीच्या उजव्या काठाला ब्लाय आणि बूर्गकडे, आणि आणखी पूर्वेला बेर्जराकच्या बाजूला.

ते भाड्यानं का मिळतात, हे कळलं की त्यांचा स्वभावही कळतो. या टापूतली साधी लाल वाइन बरीचशी घाऊक विकली जाते, तोनोच्या भावानं. एक तोनो म्हणजे ९०० लिटर, २२५ लिटरची चार पिंपं, १,२०० बाटल्या. गेल्या काही वर्षांत हा भाव हजार युरोच्या खाली घसरला, म्हणजे बाटलीमागे एक युरोसुद्धा हाती पडत नाही. २०२३ मध्ये वेली उपटून टाकण्यासाठी हेक्टरी ६,००० युरो देण्याची योजना तिथे आली. छपराला हे काही कळत नाही, ते गळतच राहतं. जिरोंदमधली छपरं आपल्या नळीच्या कौलांसारखी असतात. दरवर्षी वाऱ्यानं कौलं सरकतात, खालची तुळई भिजते आणि मोठ्या वास्तूत हे काम कधी संपतच नाही. तुम्ही भरलेलं आठवड्याचं भाडं बहुधा या कौलांवर जातं, वायफायवर जात नाही. हे पैसे नीट जागी लागतात असं माझं मत आहे. तरी वायफाय का रडतं, ते त्यातून समजावं.

बोर्दोत बाटलीवर शातो छापायला बुरूज असावा लागत नाही, साधी वाइनरीही चालते. त्यामुळे जाहिरात वाचताना वास्तू कुठल्या काळातली हे आधी पाहावं. तेराव्या-चौदाव्या शतकातला खरा किल्ला असेल तर भिंती जाड, खिडक्या लहान, जिना गोल आणि न्हाणीघर मागाहून कुठल्यातरी कोपऱ्यात बसवलेलं. ११५२ मध्ये अॅक्विटेनच्या एलेनोरनं हेन्री प्लँटाजेनेटशी लग्न केलं, दोन वर्षांत तो इंग्लंडचा राजा झाला आणि हा प्रदेश १४५३ च्या कास्तियाँच्या लढाईपर्यंत, मधला थोडा काळ सोडला तर, इंग्रज राजांकडे राहिला. सरहद्दीवरच्या या गढ्या त्या तीनशे वर्षांतल्या. एकोणिसाव्या शतकातल्या शातोंना टोकदार मनोरे असतात, दालनं उंच असतात, फोटो सर्वांत देखणे येतात आणि हिवाळ्यात ते तापता तापत नाहीत. या दोन्हींच्या मधला, अठराव्या शतकातला एक प्रकार आहे: शार्त्रूझ. लांबलचक, एकमजली, बुटकं घर, पुढे अंगण आणि मागे बाग. फोटोत ते साधं दिसतं म्हणून लोक पुढे सरकतात. घरात सत्तरीच्या पुढची माणसं आणि पळती पोरं दोन्ही असतील तर माझं मत डोळे झाकून शार्त्रूझला.

आता टाकी. खेड्यातल्या बहुतेक घरांत पाणी विजेच्या टाकीत तापतं आणि मोठी टाकी म्हणजे ३०० लिटर. पाणी ६० अंशांना तापवलेलं, नळाचं गार पाणी १५ अंश, आणि अंगावर घ्यायला हवं ४० अंश असं धरलं तर ३०० लिटरचं मिश्रण होऊन सुमारे ५४० लिटर कोमट पाणी मिळतं. शॉवरखाली माणशी ५० लिटर सहज जातात. कागदावर दहा-अकरा जण झाले. पण टाकीतलं पाणी उपसताना खालून गार पाणी शिरतं आणि शेवटचा भाग कोमटच येतो, त्यामुळे आठ-नऊ जणांनंतर तक्रार सुरू होते. कुणी पायवाला टब भरला तर एका टबात तिघांचं पाणी गेलं. रिकामी टाकी पुन्हा तापायला जवळपास १६ युनिट वीज लागते. ३ किलोवॉटची कॉइल असेल तर पाच तासांहून जास्त वेळ. त्यात बहुतेक टाक्या स्वस्त विजेच्या तासांतच, म्हणजे मुख्यतः रात्री, आपोआप चालू होतील अशा जोडलेल्या असतात. संध्याकाळी सगळ्यांनी आंघोळी उरकल्या तर गरम पाणी दिसतं ते थेट सकाळी.

यावर उपाय विजेच्या पेटीतच असतो. तिथे टाकीच्या नावाचं एक छोटं बटण असतं, त्याला तीन जागा: शून्य म्हणजे बंद, मधली स्वयंचलित, आणि एक म्हणजे आत्ता तापव. घाई असेल तेव्हा ते एकवर करायचं. स्वस्त तास सुरू झाले की ते बहुधा स्वतःच मधल्या जागी येतं. पेटीला हात लावण्याआधी घरमालकाला विचारावं, आणि पैसे भरण्याआधी दोन प्रश्न विचारावेत: टाक्या किती आणि प्रत्येक किती लिटरची? चौदा जणांना एकच ३०० लिटरची टाकी असेल तर निम्म्यांनी सकाळी आणि निम्म्यांनी रात्री आंघोळ करायची असं पहिल्याच दिवशी ठरवून टाकावं. बादली-तांब्याची सवय असलेल्यांचं १५ ते २० लिटरमध्ये भागतं, ते या हिशेबात देवासारखे धावून येतात. फक्त तिथल्या न्हाणीघरात बादली नसते, आणि संडासात जेटही नसतो. गावाबाहेरच्या सुपरमार्केटात बादली आणि मोजपात्र मिळतं, पहिल्याच खरेदीत घ्यावं.

विजेचं गणितही असंच. फ्रान्समध्ये मंजूर भार विकत घ्यावा लागतो: ६, ९, १२ केव्हीए वगैरे. इंडक्शनची शेगडी पूर्ण जोरात ७ किलोवॉट ओढते, ओव्हन ३, टाकी ३, कपडे धुण्याचं यंत्र २, किटली २, खोलीतला विजेचा हीटर दीड ते दोन. रात्री आठ वाजता हे सगळं एकदम चाललं की घर अंधारात जातं. मोठ्या जुन्या घरांत तीन फेजची जोडणी असते आणि तिथे आणखी एक गोम आहे. १८ केव्हीए ऐकायला भरपूर वाटतं, पण ते प्रत्येक फेजला ६ असं विभागलेलं असतं. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर एकाच फेजवर आलं तर बाकीचे दोन मोकळे असूनही वीज जाते. अशा वेळी आधी शेगडी आणि ओव्हन बंद करावं, मग मुख्य स्विच वर करावा. लिंकी नावाचं हिरवट-पिवळं मीटर असेल आणि त्यानंच पुरवठा तोडला असेल, तर त्यावरचं अधिकचं बटण दोनेक सेकंद दाबून धरावं लागतं. ही पेटी घरात कुठे आहे ते उजेड असतानाच पाहून ठेवा. शातोत ती हमखास जिन्याखालच्या अंधाऱ्या कोठडीत असते. आपली उपकरणं तिथे चालतात, कारण दाब २३० व्होल्टच आहे. पण आपला तीन पिनांचा प्लग तिथल्या भोकात जात नाही. त्या सॉकेटमध्ये अर्थिंगची पिन बाहेर आलेली असते, त्याला जमेल असा अडॅप्टर इथूनच न्यावा.

सांडपाण्याबद्दल थोडक्यात, पण गंभीरपणे. खेड्यातल्या शातोला गटाराची जोडणी क्वचित असते, सेप्टिक टाकी असते. नियमानं पाच मुख्य खोल्यांच्या घराला किमान ३,००० लिटरची टाकी लागते आणि पुढच्या प्रत्येक खोलीला आणखी १,००० लिटर. ओले वाइप्स, सॅनिटरी पॅड, लहान मुलांचे डायपर यांतलं काहीही आत गेलं की नळी तुंबते. ब्लीच भरपूर ओतलं की टाकीतले जिवाणू मरतात आणि तिसऱ्या दिवशी बागेत वास सुटतो. तळणीचं तेल सिंकमध्ये ओतू नये. गार करून रिकाम्या बाटलीत भरावं.

तळणीवरून स्वयंपाकघर. अॅल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर तापत नाही. तळाला चुंबक चिकटतो असा स्टीलचा कुकर न्यावा किंवा शेगडी गॅसची आहे का ते विचारावं. खेड्यात बऱ्याच घरी १३ किलोच्या ब्यूटेन सिलिंडरवर गॅस चालतो, मग कुठलाही कुकर चालेल. मार्च २०१५ पासून फ्रान्समधल्या प्रत्येक घरात धुराचा गजर सक्तीचा आहे. तो सहसा झोपायच्या खोल्यांकडच्या बोळात लावलेला असतो, पण स्वयंपाकघराचं दार उघडं ठेवून मिरचीची फोडणी दिली तर सगळ्या शातोला जाग येते. दार लावा, खिडकी उघडा, मग मोहरी टाका.

सामान नेताना युरोपीय संघाचे नियम पाहावेत. भारतातून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. पेढे, श्रीखंड आणि घरचं तूपही त्यातच आलं. ताजा कढीपत्ता, भाज्या, आंबे यांना रोगमुक्तीचं प्रमाणपत्र लागतं. अननस, नारळ, केळी, खजूर आणि दुरियन एवढ्यांनाच सूट आहे. म्हणजे नारळ जातो, कढीपत्ता जात नाही. कोरडा मसाला, हिंग, तूरडाळ न्यावी. मसूर डाळ तिथल्या साध्या दुकानात मिळते, हरभऱ्याचं पीठ सेंद्रिय मालाच्या दुकानांत मिळतं. तुपासाठी बिनमिठाच्या लोण्याची २५० ग्रॅमची वडी घ्या आणि मंद आचेवर कढवा, २०० ग्रॅमच्या आसपास उत्तम तूप निघतं. फ्रेंच लोण्याचा याहून चांगला उपयोग मला माहीत नाही.

हळदीची मात्र धास्ती बाळगा. बोर्दोभोवतीची घरं तिथल्याच मऊ, पिवळसर चुनखडीच्या दगडाची आहेत. हा दगड पाणी पितो, तसाच रंगही पितो. ओट्यावर हळद सांडली, फरशीवर लाल वाइन सांडली तर लगेच कोरड्या फडक्यानं टिपायची, मग गार पाण्यानं. पुसून पसरवायची नाही. आणि लिंबू किंवा व्हिनेगर चुकूनही लावायचं नाही. आम्लानं चुनखडी विरघळते, डागाच्या जागी खड्डा राहतो आणि तो अनामत रकमेतून वजा होतो. दगड रंग पितो त्याच कारणानं दारात रांगोळी काढायची हौस असेल तर ती ताटात किंवा पाटावर काढा.

भिंतींच्या तळाशी, मीटरभर उंचीपर्यंत, पांढरा लोणा दिसला तर घाबरू नका. पायात ओलरोधक थर नसलेल्या दगडी भिंतीत जमिनीची ओल चढते आणि क्षार बाहेर टाकते. चुन्याचा गिलावा असेल तर ती सुकते. विसाव्या शतकात कुणी सिमेंट फासलं असेल तर ती आतच अडकते आणि खोलीला कुबट वास येतो. तळमजल्याच्या खोल्या पोचल्यावर दोन तास उघड्या टाकाव्यात.

उन्हाळ्यात हीच भिंत कामाला येते. साठ-सत्तर सेंटिमीटर जाड दगड दिवसाची उष्णता हळूहळू आत आणतो, म्हणून बाहेर ३८ अंश असतानाही आतलं दालन सुसह्य राहू शकतं. अट एकच, लाकडी झडपा योग्य वेळी लावायच्या. पूर्वेकडच्या झडपा सकाळी नऊच्या आत, दक्षिण आणि पश्चिमेच्या त्यानंतर लगेच, काचांसकट. रात्री बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार झाली की सगळं सताड उघडायचं. जूनअखेरीस बोर्दोत सूर्यच पावणेदहानंतर मावळतो, त्यामुळे हे काम रात्री साडेदहा-अकराला येतं. आपले लोक नेमकं उलट करतात: दुपारी वारा यावा म्हणून खिडक्या उघडतात, रात्री डास येतात म्हणून लावतात, आणि तिसऱ्या दिवशी एसी का नाही म्हणून विचारतात. खिडक्यांना जाळ्या नसतात हे खरंच आहे. दिवे मालवून खिडकी उघडावी, नाहीतर किडे आणि त्यांच्यामागे वटवाघळं आत येतात. वटवाघळांना फ्रान्समध्ये कायद्याचं संरक्षण आहे, हुसकावता येत नाहीत. माळ्यावर रात्री धावपळ ऐकू आली तर ती बहुधा लोआर नावाच्या झुपकेदार शेपटीच्या उंदरासारख्या प्राण्याची. त्याला काही करायचं नसतं.

एसी नसण्यामागे कायदाही आहे. ३१ डिसेंबर १९१३ च्या कायद्यानं संरक्षित झालेल्या वास्तूत खिडकीची चौकट बदलायलासुद्धा परवानगी लागते, आणि अशा स्मारकाभोवती ५०० मीटरच्या टापूत बाहेरून दिसणाऱ्या बदलांवर सरकारी वास्तुविशारदाची नजर असते. लिफ्ट नाही, दुहेरी काच नाही, यात मालकाचा कंजूषपणाच असतो असं नाही. हिवाळ्यात तर मी सरळ नको म्हणेन. महिनाभर बंद असलेली दगडी वास्तू तापायला तीन-चार दिवस लागतात, तोवर निम्मा आठवडा संपतो आणि तापवण्याचा खर्च करारात बहुधा वेगळा लावलेला असतो. उघड्या शेकोटीची बहुतेक ऊब धुरांड्यातून वर जाते. सोळाव्या शतकात निबंधकार मिशेल द मोंतेन्य याच भागात बुरुजात राहायचा: खाली देवघर, पहिल्या मजल्यावर झोपायची खोली, वर ग्रंथालय. हिवाळ्यात शेकोटी पेटवता येईल अशी जागा म्हणजे ग्रंथालयाला लागून असलेली एक छोटी खोली. मुख्य शातो १८८५ मध्ये जळाला, बुरूज वाचला, तो आजही पाहता येतो. जाडजूड भिंती आणि गोल जिना म्हणजे काय, ते भाडं भरण्याआधी तिथे चढून पाहावं.

गोल जिन्यात पायरी आतल्या बाजूला चार बोटं आणि बाहेरच्या बाजूला दोन वीत असते. बाहेरच्या भिंतीकडून चालायचं, उतरताना हातात काही नको. मोठी बॅग त्यात वळत नाही, म्हणून माणशी एक लहान बॅग बरी. आजी-आजोबांसाठी तळमजल्यावर झोपायची खोली आणि त्याच मजल्यावर संडास आहे का, हे लेखी विचारा. तलावाला २००३ च्या कायद्यानं कुंपण, गजर, झाकण किंवा बंदिस्त छप्पर यांपैकी एक असावंच लागतं. लहान मूल बरोबर असेल तर कुंपणच मागा, कारण गजर वाजतो तो मूल पाण्यात पडल्यावर. खंदक आणि विहीर यांना तो कायदा लागत नाही.

आणि आता मळा, जो फोटोत शांत दिसतो. एप्रिलमध्ये गोठवणारी रात्र आली तर कोवळे कोंब वाचवायला पहाटे पंख्यांचे मनोरे फिरतात, मेणबत्त्यांच्या बादल्या पेटतात. २०१७ आणि २०२१ मध्ये अशा रात्रींनी या भागाचं मोठं नुकसान केलं. मे ते जुलै फवारण्या चालतात. वेलींच्या रांगेवर तंगड्या फाकून चालणारा उंच ट्रॅक्टर वारा पडलेला असतो अशा वेळी, म्हणजे भल्या पहाटे, निघतो. फवारणी झालेल्या रांगांत त्या दिवशी मुलांना सोडू नये आणि खिडकीखालच्या रांगा कधी फवारणार ते शेतकऱ्याला विचारून ठेवावं.

पानांवर निळसर थर दिसला तर नाशिक-सांगलीच्या द्राक्ष बागायतदाराला तो ओळखू येईल. मोरचूद आणि चुना, आपलं बोर्डो मिश्रण. त्याचं गावच हे. १८८० च्या दशकात मेदोकमधल्या सँ-ज्युलियाँ इथे रस्त्याकडेच्या वेलींवर येणाऱ्या-जाणाऱ्यांनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून हा कडू, किळसवाणा लेप मारला जायचा. बोर्दो विद्यापीठातल्या मिलार्दे यांच्या लक्षात आलं की आतल्या रांगांची पानं केवड्यानं गळाली आहेत आणि रस्त्याकडेची शाबूत आहेत. बोकायू शातोचे व्यवस्थापक एर्नेस्त दावीद यांच्याबरोबर प्रयोग झाले आणि १८८५ मध्ये कृती प्रसिद्ध झाली. आपल्याकडे एक टक्क्यासाठी १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १०० लिटर पाणी घेतात आणि द्रावणात लोखंडी सुरी बुडवून पाहतात. तिच्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला. तिथे आता सेंद्रिय मळ्यांनाही तांब्याची मर्यादा आहे, सात वर्षांत हेक्टरी २८ किलो. बागायतदार पाहुणा असेल तर मालकाशी गप्पांना विषयांची कमी पडणार नाही: तिथली वेल कमरेइतकी बुटकी, मेदोकमध्ये हेक्टरी दहा हजारांपर्यंत झाडं, छाटणी हिवाळ्यात एकदाच. आपल्याकडच्या खरड छाटणी आणि गोडी छाटणी अशा दोन छाटण्या ऐकून मालक नक्की खुर्ची ओढून बसतो.

काढणीच्या दिवसांत शांततेची अपेक्षा करू नये. पांढरी द्राक्षं ऑगस्टअखेर ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत यंत्रानं काढतात, तीही रात्री, कारण गार द्राक्षाचा वास टिकतो. पहाटे तीनला खिडकीतून दिवे फिरतात. लाल द्राक्षं साधारण सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत. याच काळात रस आंबवण्याच्या टाक्यांच्या खोलीत कार्बन डायऑक्साइड साचतो. तो हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत राहतो, दिसत नाही आणि वासही येत नाही. मालक बरोबर नसेल तर तिथे पाऊल टाकू नका, मुलांना तर मुळीच जाऊ देऊ नका. दक्षिणेला सोतेर्नकडे ऑक्टोबरात सकाळी दाट धुकं पडतं. सिराँ या गार ओढ्याचं पाणी कोमट गारोनला मिळतं म्हणून ते पडतं, आणि त्याच धुक्यात द्राक्षांवर ती मोलाची बुरशी धरते जिच्यामुळे तिथली गोड वाइन बनते.

कुठला आठवडा घ्यावा? गोंगाट चालत असेल आणि शेती पाहायची असेल तर सप्टेंबरचा तिसरा. झोप प्यारी असेल तर जूनचा दुसरा पंधरवडा. भिंतींत अजून हिवाळ्याचा गारवा असतो. ऑगस्ट सर्वांत महाग आणि सर्वांत निरस, निम्मी तळघरं सुट्टीवर. जुलै-ऑगस्टमध्ये बहुतेक ठिकाणी शनिवार ते शनिवार असाच मुक्काम मिळतो.

करारात एक शब्द शोधा. आगाऊ रकमेला आर म्हटलं असेल तर तुम्ही रद्द केल्यास ती बुडते आणि मालकानं रद्द केल्यास तो दुप्पट परत देतो. आकाँत म्हटलं असेल तर दोघेही बांधलेले, आणि तुम्ही रद्द केलं तरी पूर्ण भाडं मागता येतं. व्हिसा हाती यायच्या आधी पैसे भरत असाल तर हा फरक हजारो युरोंचा आहे. चादरी-टॉवेल, शेवटची सफाई, पर्यटन कर, सरपण हे वेगळं आहे का तेही पाहा. आग लागली किंवा पाणी भरलं तर जबाबदारी भाडेकरूवर येऊ शकते, म्हणून सुट्टीतल्या घरासाठीचा विमा मालक मागतो. प्रवास विम्यात ते कलम असतंच असं नाही. पोचल्यावर सामानाची यादी हातात येते. सही करण्याआधी तडकलेल्या बशा, लाकडी जमिनीवरचे ओरखडे, गाद्यांवरचे डाग यांचे फोटो काढून त्याच दिवशी मालकाला पाठवा.

गाडीवाचून भागत नाही. पॅरिसहून बोर्दो रेल्वेनं दोन तासांवर आहे, पुढे भाड्याची मोटार, भारतीय परवान्याबरोबर आंतरराष्ट्रीय परवाना. गावात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, तो गल्लीतून आला तरी. रक्तात लिटरमागे अर्धा ग्रॅम ही दारूची मर्यादा आहे, म्हणून चाखताना थुंकायला भांडं ठेवलेलं असतं आणि थुंकणं हा अपमान समजत नाहीत. दुकानं रविवारी दुपारनंतर बंद, सोमवारी अर्धवट उघडी. शनिवारी संध्याकाळी पोचणार असाल तर वाटेतच तीन वेळचं जेवण होईल एवढी खरेदी करा.

शनिवारी सकाळी दहाला घर सोडायचं असतं. रिकाम्या बाटल्या घरच्या कचऱ्यात टाकत नाहीत, गावातल्या काचेच्या कुंडीपर्यंत न्याव्या लागतात, हे काम शुक्रवारी उरका. भरलेल्या बाटल्यांचं गणित सोपं आहे. भारतात माणशी दोन लिटर मद्य करमुक्त आणता येतं. ७५० मिलिलिटरच्या दोन बाटल्या म्हणजे दीड लिटर. तिसरी घेतली की सव्वादोन होतात आणि कर लागतो. सोतेर्नची वाइन मात्र ३७५ मिलिलिटरच्या अर्ध्या बाटलीतही सर्रास मिळते. दोन लाल आणि एक अर्धी सोतेर्न, १,८७५ मिलिलिटर, कपड्यांत गुंडाळून चेक-इनच्या बॅगेत.